बाग बरी आहे

ब्रह्मपुरी
१९ जानेवारी २०२४

अकरमभाऊ,

जयभीम म्हणावं की सलाम, हा प्रश्न आपल्या दोन घरांत कधी पडला नाही. दोन्ही घ्या.

फोन लावून थकले. वाजतो, वाजतो आणि बंद होतो. आफ्रीनला लावला तर ती म्हणते, "अब्बू छतावर हायेत, आंटी." दर वेळी छतावरच कसे असता? म्हणून शेवटी पोस्टात जाऊन पाकीट आणलं. उपकेंद्रात नर्स होते तोवर तालुक्याला रोज कागद लिहायचे, पण आपल्या माणसाला असं लिहायला बसले नव्हते. अक्षर लागलं नाही तर जरीनाभाभीकडून वाचून घ्या.

बाग बरी आहे. बागेचं मंडळ चालू आहे. रविवारी श्रमदानाला सगळे येतात. तुमच्या वाटची आळी आता बायनाबाई खणते. खणता खणता तिला मातीत लोखंडाचा तुकडा सापडला की ती तुम्हाला शिव्या देते, "हा वेल्डर बाग लावत होता का भंगार पेरत होता?" सांबार खूप झाला, कोथिंबिरीची जुडी कोणी विकत घेत नाही. भेदरं लाल झाली, बाजारचे टमाटे आणावे लागत नाहीत, वांग्यांना यंदा कीड नाही. फक्त वालाला मांडव झाला नाही, म्हणून वेल कंपाउंडच्या भिंतीवर सोडले. फुलाभाज्यांचं प्रदर्शनही शाळेच्या हॉलमध्ये दरवर्षीसारखं झालं. लोक तुमची चौकशी करत होते.

राजदीपचे बाबा असते तर प्रदर्शनात माइक सोडला नसता. एसटीत आयुष्यभर पुढे बघून गाडी चालवली, म्हणायचे, आता मागे वळून बोलू द्या. आठवते ना ती जागा आधी कशी होती? गाजरगवत, डुकरं, फुटक्या संडासाची भांडी. ते रिटायर होऊन आठ दिवसही घरी बसले नाहीत. फावडं घेऊन गेले आणि रस्त्यापलीकडच्या तुमच्या दुकानातून तुम्ही घमेलं घेऊन आलात. ड्रायव्हर आणि वेल्डर बाग लावून राह्यले, म्हणून अख्खी कॉलनी हसली होती.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. त्या ऑक्टोबरच्या सकाळी तुम्ही दोघं वालाच्या मांडवासाठी बांबू आणायला माझ्या मावसभावाच्या शेतावर गेलात. बांधावर वाघ होता. तुम्ही परत आलात, ते आले नाहीत. लोकांना एवढंच माहीत आहे, बाकीचं ते आपापल्या मनाने भरतात. दवाखान्याच्या आवारात राजदीप तुमच्या अंगावर धावून गेला, "माह्या बापाले वाघापुढे टाकून पळून आला," असं सगळ्यांदेखत ओरडला, हे मला बायनाबाईने फार उशिरा सांगितलं. मी तेव्हा आत होते. बायका मला धरून बसल्या होत्या. बाहेर येऊन बघते तर तुमच्या दुकानाला कुलूप, आणि तुम्ही नि जरीनाभाभी लेकीकडे कागजनगरला निघून गेलेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी दारातून सारखी रस्त्याकडे बघत होते. तुमच्यासाठी.

मला तुमचा राग नाही. हे एवढं एक तरी त्या छतावर वाचा.

मनकर्णा


४ एप्रिल २०२४

अकरमभाऊ,

उत्तर आलं नाही. न का येईना.

ऊन फार आहे. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आपण बोअरचं पाणी सकाळीच सोडतो आणि बुडख्याशी धानाच्या तणसाचं आच्छादन टाकलं आहे, त्यामुळे सगळं तगून आहे. काळजी करू नका.

एक गोष्ट झाली. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

राजदीप नागपूरहून शनिवारी येतो, तसा आला होता. येताना टेम्पो घेऊन आला. मी घरात होते. बायनाबाई धावत आली, "बाई, तुमच्या पोट्ट्यानं फाटक काढलं!" मी चपला न घालताच गेले. तुम्ही जुन्या सळाखींचं केलेलं ते फाटक, वेलीचं, पानांचं, वर बसवलेला तो पक्षी, ज्याला राजदीपचे बाबा कोंबडी म्हणायचे आणि तुम्ही चिडायचात, ते गेलेलं होतं. जागेवर पत्र्याचं नवं दार टेकवलेलं. त्यावर रंगवून आणलेलं, 'कालकथित श्रावण रामटेके स्मृती उद्यान'.

"त्या माणसाच्या हातचं बाबांच्या बागेत काही नको, आई."

"बाग बाबाची एकट्याची होती काय?"

"तुले काहीच वाटत नाई का? तू त्याले पत्रं लिहून राह्यली म्हणे. कायले?"

"त्याच्यावाचून तुह्या बाबाचं इथी पान हालत नव्हतं. तुले माहीत नाई, तू इथी होता कुठी?"

हे मी बोलायला नको होतं. तो टेम्पोत बसला आणि जेवण न करता नागपूरला गेला.

फाटक त्याने भंगारात घातलं होतं. मी आणि बायनाबाई भंगारवाल्याकडे गेलो. त्याने पक्षी कापून बाजूला टाकला होता, बाकी फाटक शाबूत होतं. तो माणूस चांगला, म्हणाला, "न्या, बाई. भाऊंच्या बागेचं आहे, आधी सांगायचं ना." हातगाडीवर घालून परत आणलं. सध्या आमच्या घराच्या भिंतीला टेकवून ठेवलं आहे. बसवायला दुसऱ्या वेल्डरला बोलवायचं माझ्या मनात येत नाही.

पत्र्याचं दार मी काढलं नाही. त्यावर त्यांचं नाव आहे. ते नाव स्वतःच्या हाताने काढून ठेवायचं मला जमलं नाही, भाऊ.

मनकर्णा


२३ जून २०२४

अकरमभाऊ,

काल जरीनाभाभीचा फोन आला. तुम्ही बाहेर गेल्याचं बघून केला असावा, आवाज दबका होता. म्हणाली, "भाभी, ते जेवत नाई का बोलत नाई. जावईबापूनं ओळखीच्या कारखान्यात काम लावून देलं, तर हातात रॉड धरला का हात थरथरतो. दोन दिवसांत घरी आले. तुमचं पत्र आलं का घेऊन वर जातात. वाचतात. मी विचारलं का म्हणतात, बागेचं लिवलं हाये."

म्हणजे वाचता. तर मग आज बागेचं लिहीत नाही.

अकरमभाऊ, मी नर्स होते. बाळंतपणं केली, साप चावलेली माणसं बघितली, झाडावरून पडलेली, जळालेली, रानडुकराने फाडलेली बघितली. त्या दिवशी मात्र सगळ्यांनी मिळून मला लहान पोर करून टाकलं. पांढऱ्या कपड्यात बांधून आणलं आणि तोंडावरचं तेवढं बाजूला केलं. चेहऱ्याला काही झालेलं नव्हतं. डोक्याला माती लागली होती, ती मी पदराने पुसली. "पाह्य बाई, झोपल्यासारखे दिसतात," असं कोणीतरी म्हणालं, आणि एवढ्यावर माझं समाधान व्हावं अशी सगळ्यांची इच्छा दिसली.

पुढे वाघीण पिंजऱ्यात धरली. पिल्लं होती म्हणे तिची. राजदीपने पेपरातला फोटो मला मुद्दाम दाखवला. मला तिच्याबद्दल काहीच वाटलं नाही. ती बोलणारी नाही. मला जे विचारायचं आहे ते एकट्या तुम्हाला माहीत आहे.

वेळ लागला का? ते ओरडले का? काही म्हणाले का? राजदीपचं, माझं नाव घेतलं का? नसेल घेतलं तरी चालेल. पण मी रोज भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ती सकाळ नव्याने बनवते आणि रोज ती आदल्या दिवसापेक्षा वाईट होते. जे झालं ते याहून वाईट असणार नाही.

तुमच्याकडे तेवढं एक आहे. ते मला द्या.

मनकर्णा


११ सप्टेंबर २०२४

अकरमभाऊ,

परवा दुपारी तुमचा फोन आला आणि तुम्ही 'भाभी' म्हणालात, तेव्हा मी पीठ मळत होते. तशाच हाताने फोन धरला. तुम्ही बोललात आणि माझ्या तोंडून 'हं'शिवाय काही निघालं नाही. तुम्हाला वाटलं असेल मी रागावले. म्हणून लगेच लिहायला घेतलं, पण पानामागून पान फाडत आजचा दिवस उजाडला.

तुम्ही सांगितलेलं मी माझ्या शब्दांत लिहिते. काही चुकलं असेल तर सांगा. ते बांबूच्या बेटाजवळ वाकून तोडत होते. तुम्ही बांधावर तोडलेले बांबू दोरीने बांधत होतात. ते एसटीतल्या कोणत्या तरी कंडक्टरची गोष्ट सांगत होते आणि हसत होते. मग गोष्ट मध्येच थांबली. तुम्ही मान वर केली तर वाघीण त्यांच्या मानेवर होती. ओरडायला त्यांना वेळच मिळाला नाही. तुम्ही रस्त्याकडे पळालात, ओरडलात, धानातली माणसं काठ्या घेऊन आली, तेव्हा वाघीण त्यांना सोडून गेली. तोवर सगळं संपलं होतं.

हसत होते. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, भाऊ. सांगणार कसं? तुम्हालाच ठाऊक होतं. त्या सकाळचं हे एवढं आता माझ्याजवळ आहे.

आणि मग तुम्ही पुढचं सांगितलंत. तुम्ही म्हणालात, "पोलिसांले, फॉरेस्टवाल्यांले, जरीनाले, सगळ्यांले मी सांगितलं का श्रावणभाऊ मले म्हणाले, भाग अकरम, भाग. म्हणून मी पळालो. पण भाभी, खरं सांगू? ते म्हणाले का नाई, मले माहीत नाई. मले ऐकू आलं होतं, का मी मागून मनात बनवलं, आता काहीच समजत नाई. छतावर बसून मी तेच ऐकाचा प्रयत्न करतो."

म्हणजे तुम्ही वर्षभर छतावर बसून एका मेलेल्या माणसाचा आवाज ऐकायला कान लावून होतात, आणि मी इथे तुम्हाला वांग्याभेदरांच्या बातम्या पाठवत होते.

ऐका. मानेवर धरल्यावर माणसाला बोलता येत नाही, हे मी नर्स म्हणून सांगू शकते. ते म्हणाले नसतील. तुम्हाला खोटी समजूत घालणार नाही, तुम्ही मला खोटं सांगितलं नाहीत. पण त्या माणसाबरोबर मी संसार केला आहे. गाडीचे ब्रेक गेले होते तेव्हा आधी पॅसेंजरला उड्या मारा म्हणाला आणि स्वतः स्टेअरिंगवर बसून राहिला, तो हा माणूस. बोलता आलं असतं तर काय म्हणाला असता, ते मला ठाऊक आहे.

आणि त्यांना म्हणता आलं नाही, तर आता मी म्हणते. त्यांच्या घरची म्हणून म्हणते. पळा, अकरमभाऊ. रस्त्याकडे पळा. मागे बघू नका.

मनकर्णा


८ डिसेंबर २०२४

अकरमभाऊ,

तुम्ही परत कागजनगरला पोचल्याचा जरीनाभाभीचा फोन आला. पडसं झालं म्हणे तुम्हाला. आल्याचा काढा घ्या.

राजदीप तुम्हाला आणायला कागजनगरला जाईल, हे मलाही वाटलं नव्हतं. तुमचं फोनवरचं बोलणं मी त्याला दिवाळीत सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, ताट सारलं आणि अंगणात जाऊन उभा राहिला. परत आल्यावर एवढंच म्हणाला, "मीही पळालो असतो, आई." आणि पुढच्या सुट्टीत गाडी घेऊन निघाला.

पण घरात तुम्हा दोघांचं जे बोलणं झालं ते माझ्या मनातून जात नाही. तो तुमच्या पायाशी बसला. "चाचा, मी तुमाले तसं बोलाले नोको होतं." आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "नाई बेटा. तू खरंच बोलला होता." किती शांतपणे म्हणालात. त्याला रडताही आलं नाही. तो माफी घेऊन आला होता आणि तुमच्याकडे ती ठेवायला जागाच नव्हती.

मी पत्रात काय काय लिहिलं होतं! मला वाटलं होतं, तुम्ही येऊन इथली माती हातात घ्याल आणि सगळं सुटेल. पत्र लिहिताना माणूस असंच काहीबाही समजतो.

आता बागेचं. तुम्ही बघितलंत आणि एक शब्द बोलला नाहीत, त्याबद्दल उपकार मानू की लाज वाटून घेऊ, ठरत नाही. पत्र्याच्या दारापर्यंत आलात, आत नजर टाकलीत आणि तिथेच दगडावर बसलात. आत काय होतं? वाळलेल्या काड्या, गाजरगवत, आणि कोपऱ्यात दोन वाफे, वांग्याचा एक आणि लाल माठाचा एक. तेवढेच मी आणि बायनाबाई करतो. बाकी कोणी येत नाही, भाऊ. राजदीपचे बाबा गेले त्या दिवसापासून मंडळ संपलं. कोणाला त्या जागेची भीती बसली, कोणाला आमच्या तोंडाकडे बघवत नाही. प्रदर्शन झालंच नव्हतं. बोअरची मोटर उन्हाळ्यात जळाली. मी सगळं बरं आहे म्हणून लिहीत गेले, कारण बाग बरी नाही असं कळलं तर तुम्ही ते ओझंही उचलून छतावर नेलं असतं. आणि दुसरं कारण असं की, लिहीत असेपर्यंत ती बरी असायची. प्रदर्शनाचं लिहिताना मला हॉलमध्ये लावलेली झेंडूची ताटं दिसत होती.

जाताना तुम्ही म्हणालात, "भाभी, आता मले बोलावू नोका. मी येईन, पण बोलावू नोका." बरं. नाही बोलावत.

फाटक तुम्ही घेऊन जावं असं राजदीपच्या मनात होतं. तुम्ही त्याला हात लावून बघितलंत आणि म्हणालात, "जोड बरोबर होता." मग हात खिशात खोचून गाडीत बसलात. फाटकाला लावताना तुमचा हात थरथरला नाही, तेवढा एक क्षण मी पाहिला. जरीनाभाभीला सांगा.

मनकर्णा


१६ फेब्रुवारी २०२५

अकरमभाऊ,

या पत्राला उत्तर नको.

बागेच्या जागेवर पाण्याची टाकी होते आहे. ती जागा नकाशात टाकीसाठीच राखलेली होती, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. राजदीपचे बाबा म्हणायचे, "टाकी येईपर्यंत तर खाऊ." मंडळ असतं तर आपण दुसरी जागा तरी मागितली असती. दोन बायांनी कोणाकडे जायचं? आणि या कॉलनीत उन्हाळ्यात पाण्यासाठी काय हाल होतात ते मी डोळ्यांनी बघते. मी विरोध करू शकले नाही.

मशीन येण्याआधी दोन दिवस दिले होते. मी आणि बायनाबाईने लावण्यासारखं जे होतं ते मुळांसकट काढलं. कढीपत्त्याची रोपं, अडुळसा, एक शेवग्याचं पोर, गवती चहाचा गड्डा. हातगाडीवर घालून घरोघर विचारत गेलो. मला वाटलं होतं कोणी दार उघडणार नाही. सगळ्यांनी उघडलं. कोपऱ्यावरच्या नाहीदने शेवगा घेतला आणि ती दारातच रडायला लागली. म्हणाली, "आंटी, मले यावाचं होतं दर रविवारी. पण तुमाले काय बोलावं ते समजे नाई. मग आज जाऊ, उद्या जाऊ करत ऱ्हायलं." मी तिला पाणी कसं घालायचं ते सांगितलं. दुसरं काय सांगणार?

मग मशीन आलं. मशीनवरच्या पोराने मला विचारलं, "मावशी, हे पत्र्याचं दार कुठी ठेवू?" राजदीपने येऊन ते उतरवलं, पुसलं आणि स्वतःच्या गाडीला बांधून नागपूरला नेलं. मी अडवलं नाही. बापाचं नाव आहे, लेकराने न्यावं. मला नागपूरला चल म्हणतो. सध्या नाही म्हटलं आहे.

दुपारपर्यंत जमीन सपाट झाली. खालची माती काळी निघाली, भाऊ. बाग लावण्याआधी गाजरगवताखालची तिथली माती पांढुरकी, मुरमाड होती. एवढी काळी झाली कधी, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती ट्रॅक्टरमध्ये भरून कुठल्या तरी रस्त्याच्या भरावाला नेली.

काल सकाळी मी सवयीने उठून घराच्या दारात आले, तर बायनाबाई खुरपं घेऊन रस्त्यात उभी. दोघी बागेच्या जागेकडे चालत गेलो. पत्रे लावून जागा बंद केलेली. पलीकडच्या कडेला थोडा वेळ उभ्या राहिलो. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. परत निघालो. माझ्या घरापाशी ती थांबली, खुरपं या हातातून त्या हातात घेतलं.

"उद्या कुठी जावाचं, बाई?"

मी म्हटलं, "ये तर खरी. पाहू."

आज ती आली होती.

मनकर्णा